उरलेल्या भाताची रेघ

भाताच्या पातेल्याच्या आतल्या अंगाला, तळापासून दोन बोटांवर, एक पांढुरकी रेघ होती. घासल्यावर ती पुसट व्हायची, पण पूर्ण जायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ठसठशीत दिसायची. दुपारची जेवणं झाल्यावर उरलेला भात जिथवर असे, तिथे त्याची कड वाळून ही रेघ उमटे. गेले कित्येक महिने ती जागची हलली नव्हती. वर नाही, खाली नाही. पातेल्याच्या पोटात कोणीतरी पट्टी धरून आखल्यासारखी.

तराजूबाईला त्या रेघेकडे पाहिलं की बरं वाटायचं. दिवसभरात बरं वाटण्यासारखं फारसं काही घडत नसे, म्हणून संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुण्याआधी ती झाकण उचलून पातेल्यात डोकवायची. भात रेघेला टेकलेला असायचा. म्हणजे दुपारी सगळे पोटभर जेवले, आणि वर उरलंही.

तराजूबाई हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. शहरभरातून बाटल्या यायच्या आणि त्यांतला गाळ, क्षार, जंतू मोजण्यात तिचा दिवस जायचा. तिथला एक जुना तराजू मोडीत निघाला, तेव्हा साहेबांना विचारून तिने तो घरी आणला आणि ओट्यावर मांडला. त्या दिवसापासून डाळ, तांदूळ, पीठ, साखर, सगळं त्याच्यावरून जाऊ लागलं. "आता आमच्या घरी भूकसुद्धा सरासरीने लागणार," नवरा म्हणाला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझी जीभ तेवढी त्यावर ठेवू नकोस बाई, काटा तुटेल." सगळे हसले होते. तेव्हा छापखाना चालू होता.

तो बंद पडला त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. नवरा तिथे रंग जुळवायचा. एकाच शाईच्या दोन छटांतला फरक त्याला हातभर लांबून कळायचा, पण रंग जुळवणारा माणूस दुसरीकडे कोणाला नको होता. मग कधी कोणाच्या भिंती रंगवायला जा, कधी गोदामात माल चढवायला जा, असं चाललं होतं. आणि बरेच दिवस तेही नसायचं. घरात चार तोंडं, पगार एक. भाडं गेलं, सासूबाईंची दम्याची औषधं गेली, वीज आणि शाळा गेली, की मागे राहील त्यात महिनाभर गॅसवर काय चढेल ते बसवायचं. 'बसवायचं' हाच घरातला शब्द होता. महिना सरत आला की नवरा विचारायचा, "काय तराजूबाई, बसला का महिना?" आणि ती म्हणायची, "बसला."

बसवण्याची तिची रीत ठरलेली होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती आलेखाचा कागद घेऊन टेबलाशी बसायची. सुरुवातीला पालेभाज्या, कारण त्या थांबत नाहीत. मग गाजरं, वांगी. शेवटच्या आठवड्याला कोबी, भोपळा, बटाटे; ही मंडळी कोपऱ्यात निमूट पडून राहतात. अंडं आठवड्यातून एकदा, तेही दोघांत एक. पाव कालचा घ्यायचा. स्वस्त मिळतो आणि चावायला वेळ लागतो, त्यामुळे पोटालाही जास्त वाटतो. भाज्यांची देठं आणि सालं उकळून ते पाणी डाळीत. भाताची पेज सासूबाईंना. आणि सगळ्यांत शेवटी, तिच्या मते सगळ्यांत शास्त्रशुद्ध भाग: सरलेल्या महिन्यात दुपारचं रोज किती उरलं ते पाहायचं, आणि तेवढं पुढच्या मापातून उतरवायचं. रात्रीच्या जेवणाचं माप वेगळं काढलेलं असायचं, तेव्हा दुपारचं जे उरतं ते जास्तीचंच झालं असणार. यात चुकण्यासारखं तिला कुठे काही दिसत नव्हतं. महिन्यामागून महिना माप थोडंथोडं उतरत गेलं, आणि रेघ जागच्या जागी राहिली. आपली रीत बरोबर आहे याचा आणखी काय पुरावा हवा?

महिना बसणं एवढं जिवाचं का झालं होतं, ते घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. कारण होतं खारू.

खारू म्हणजे तिची मुलगी. लहानपणी घास गिळायची नाही, दोन्ही गालांत साठवून घरभर हिंडायची, म्हणून आजीने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे त्याचंच खारू झालं. आता तिला बारावं लागलं होतं. सकाळची शाळा करून यायची, सकाळी आईने करून ठेवलेलं आजीला आणि बाबांना वाढायची, स्वतः जेवायची, पातेलं झाकून ठेवायची. तराजूबाईला कधी काही सांगावं लागलं नव्हतं.

नवऱ्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी असे. तिथे तिचं शिवणकामाचं छोटं युनिट होतं, शाळांचे गणवेश शिवण्याचं. पोटी मूल नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. छापखाना बंद पडला त्यानंतर काही दिवसांतच वन्सं आल्या होत्या आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाल्या होत्या, "खारूला माझ्याकडे दे."

"द्यायला ती काय भांडं आहे?" तराजूबाई म्हणाली होती.

"अगं, चिडतेस काय? पैसे देते म्हटलं तर हा घेणार नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या हातात राहतातही कुठे? सगळे मशिनींच्या हप्त्यात जातात. पण माझ्याकडच्या बायकांचा स्वयंपाक तिथेच होतो. मोठ्या पातेल्यात शिजतं. त्यात आणखी एक ताट वाढलं तर पातेल्याला कळणारसुद्धा नाही. शाळा समोरच आहे. सुट्टीत येईल की तुझ्याकडे."

नवरा तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होता. सासूबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं होतं. आणि तराजूबाई म्हणाली होती, "ज्या महिन्यात बसणार नाही, त्या महिन्यात बघू, वन्सं." दाराशी खारू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्या वेळी तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी वन्सं यायच्या. दुपार कलल्यावर चहाला यायच्या, आईचे पाय चेपून द्यायच्या, भावाची थट्टा करायच्या आणि निघताना चपला घालता घालता विचारायच्या, "मग, काय ठरलं?" तराजूबाई म्हणायची, "बसला महिना." वन्सं मान हलवायच्या आणि एकट्याच बस पकडायला निघायच्या. तराजूबाई घरात येऊन कागदाकडे बघायची. जिंकल्यासारखं वाटायचं.

त्या रविवारी कागद जवळजवळ भरत आला होता. भोपळ्याचा चौकोन तिने नुकताच एक दिवस पुढे ढकलला होता, आणि तांदळाचं माप उतरवण्यासाठी पेन्सिल टेकवली होती, तेवढ्यात दार वाजलं.

"आज सकाळी सकाळीच?" नवरा म्हणाला.

"का? संध्याकाळपर्यंत रस्त्यावर उभी राहू?" वन्सं आत आल्या, खांद्यावरची पिशवी उतरवली. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. ती काढायची त्या नेहमी विसरत. "इथे जवळच एका शाळेला गठ्ठा पोचवायचा होता. म्हटलं, जेवायलाच जाऊ. काय गं वहिनी, चालेल ना? की तुझ्या त्या कागदावर माझ्यासाठी चौकोन नाही?"

"तुमच्यासाठी चौकोन कशाला लागतो?" तराजूबाई हसून म्हणाली. तांदूळ चढवून झाले होते. आणखी मूठभर टाकावेत का, हा विचार आला आणि गेला. रोज रेघेपर्यंत उरतोच. पाहुण्याचं एक ताट त्यात सहज निघेल. रीत बरोबर असली की असा अचानक आलेला माणूसही जड जात नाही, असंही तिच्या मनात आलं.

वन्संनी पिशवीतून एक निळा फ्रॉक काढला. "उरलेल्या कापडाचा आहे, पण नवा आहे. ये गं खारू, घालून दाखव."

"हा निळा जरा राखाडीकडे झुकतोय," नवरा म्हणाला.

"तू गप. तुला कोणी घालायला सांगितलाय?"

खारू फ्रॉक घालून बाहेर आली. खांदे नेमके बसले होते. लांबीही बरोबर आली होती. पण कमरेपाशी कापड असं लोंबत होतं की जणू फ्रॉक एका मुलीचा आणि आत दुसरीच उभी. वन्संनी दोन बोटांनी ते कापड चिमटीत धरलं, आणखी धरलं, आणि मग त्यांचा चेहरा कामाचा झाला. गळ्यातली टेप निघाली. टाचण्या ओठांत गेल्या.

"सरळ उभी राहा. श्वास नको रोखूस." त्यांनी टेप फिरवली, वाचली, पुन्हा फिरवली. "वहिनी, मागच्या फ्रॉकच्या मापावर वाढतं अंग धरून शिवलाय मी हा. लांबी आली माझ्या अंदाजाने. घेर कुठे गेला?"

"वाढीचं वय आहे," तराजूबाई म्हणाली. "उंची सुटली की पोरी बारीक दिसतात."

"दिसतात." वन्संनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "वर्षाला कितीतरी पोरींची मापं घेते मी. वाढणारी पोर बारीक दिसते, ते खरं. पण टेपला दिसणं-बिसणं कळत नाही. कुठे आहे तो मागचा फ्रॉक?"

खारू म्हणाली, "तो नको, आत्या. मळलाय."

वन्संनी दांडीवरून तो स्वतःच ओढून घेतला आणि उलटा केला. कमरेच्या शिवणीला त्यांनी माया ठेवली होती, पोर वाढली की उसवायला. ती तशीच होती. उसवायची वेळच आली नव्हती. उलट आतल्या बाजूने कापड दुमडून सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. एक जुनी, गंजत आलेली. एक तिच्या आत. एक आणखी आत, नवी.

सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, "काय झालं गं?" आणि वन्सं म्हणाल्या, "काही नाही आई. टाचणी टोचली."

तराजूबाई ओट्यापाशी गेली आणि डाळीत पळी फिरवू लागली. सुचत नसलं की हाताला काम द्यायचं, ही तिची जुनी सवय. जंत असतील, असं ती स्वतःला म्हणाली. उद्या दवाखान्यात नेऊ. एका निरीक्षणावरून अनुमान काढायचं नसतं.

जेवायला सगळे एकत्र बसले. असं फार दिवसांत झालं नव्हतं. कामाच्या दिवशी ती दुपारी घरी नसे, रात्री सगळ्यांना वाढून मागाहून बसे. रविवारी ती कागदात नाहीतर धुण्यात असे आणि बाकीच्यांचं आटपून जाई. आज वन्संनी तिला हाताला धरून बसवलं. "बस इथे. तो कागद पळून जात नाही."

"मी लाजणार नाही हं, सांगून ठेवते," म्हणत वन्संनी पातेलं पुढे ओढलं. "पहाटे निघालेय." आणि त्यांनी वाढून घेतलं. भुकेल्या माणसाने घ्यावं तसं: भात, त्यावर डाळ, बाजूला कोबीची भाजी, पावाचा तुकडा. जास्त नाही, अधाशीपणे नाही. तरी त्यांचं ताट सगळ्यांच्या मधोमध असं भरलेलं दिसत होतं की तराजूबाईची नजर हटेना. मोठं माणूस एवढं जेवतं. हे तिला माहीत होतं. माहीत असायला हवं होतं. मग आपल्या घरातली ताटं अशी केव्हापासून दिसेनाशी झाली?

"मला थोडाच घाल," नवरा म्हणाला. "सकाळी गोदामावर चहा-पाव झालाय."

"रविवारी कुठलं गोदाम?" वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे, मित्राकडे."

"मला तर नकोच," सासूबाई म्हणाल्या. "दाढ ठणकतेय कालपासून."

"कुठली दाढ? उजवीकडच्या काढून झाल्या आई, मीच नेलं होतं तुला. डावीकडे आहेत कुठे?"

"असेल एखादी. तू काय माझ्या तोंडात राहतेस?"

"आणि तुझं काय, खारूताई?"

"मला शाळेत डबा…" खारूने सुरू केलं, आणि आज रविवार असल्याचं तिच्या लक्षात आलं. "मला भूकच नाहीये."

वन्संचा घास हातात तसाच राहिला. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. मग तराजूबाईकडे वळल्या. "आणि तू गं वहिनी?"

"मी करता करता खाल्लं," तराजूबाई म्हणाली.

ते शब्द इतके सरावाने आले की स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. तिने काही खाल्लं नव्हतं. कित्येक महिने करता करता काही खाल्लं नव्हतं. आपलं एकटीचं कमी झालं तर बिघडत नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं, आणि ते कोणाच्या लक्षात येणार नाही याची काळजी घेतली होती. गोदामावरचा चहा-पाव तिने आधी ऐकला होता. दाढ ऐकली होती. शाळेतल्या मैत्रिणीचा डबाही ऐकला होता. प्रत्येक वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, घाईत. चारही एका पंक्तीला मांडून कधी ऐकले नव्हते.

प्रयोगशाळेत एखादी नवी मुलगी कामाला लागली आणि रोज एकसारखे आकडे आणू लागली, की तराजूबाई तिला पहिला प्रश्न विचारायची, "मोजलंस की लिहिलंस?" खरं माप थोडं वरखाली होतंच. पाणी एकाच नळाचं असलं तरी होतं. जो आकडा हलत नाही, तो कोणीतरी धरून ठेवलेला असतो. हे ती पोरींना शिकवायची. आणि घरी रोज संध्याकाळी झाकण उचलून ती त्या रेघेकडे बघत होती. खुशीने बघत होती.

खारू उठली. आपलं वाढलेलं ताट तसंच घेऊन, रिकामं पातेलं उचलून ओट्याकडे गेली. रिकामं म्हणजे अगदी रिकामं नव्हतं. तळाशी थोडा भात होता. तराजूबाई पाण्याच्या निमित्ताने मागोमाग गेली आणि दाराशी थांबली.

पाठमोरी खारू ताटातला भात पातेल्यात परत घालत होती. हात सराईत होता. चमच्याची पाठ फिरवून तिने भात कडेपर्यंत सारखा केला, मान वाकवून पाहिलं, आणखी एक घास ताटातून उचलून घातला, पुन्हा सारखा केला. भात रेघेपर्यंत येत नव्हता. आत्या जेवली होती ना. तिने ताटाकडे पाहिलं. ताटात आता काही उरलं नव्हतं.

"खारू."

चमचा थांबला.

"हे काय करतेस?"

"सारखं करतेय. असंच."

"रोज करतेस?"

"रोज नाही." ती वळली. खोटं पकडलं गेल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला नव्हता. काम बिघडल्यासारखा झाला होता. "आजी थोडं मागे ठेवते, बाबा ठेवतात, कधी कधी तेवढ्यानेच येतो रेघेपर्यंत. नाही आला की मग मी."

"तुम्ही ठरवलंय हे?"

"नाही गं. आम्ही बोलतच नाही त्यावर. आजी एकदा म्हणाली, खा गं तू, मी कशाला आहे? मी म्हटलं, तू दम्याची आहेस, तू खा. मग आम्ही दोघीही खाल्लं नाही आणि हसलो." ती आताही जरा हसली.

"पण का, बाळा?"

खारूने आईकडे असं पाहिलं की इतकं साधं हिला कसं कळत नाही. "तू आल्या आल्या झाकण उघडून बघतेस ना? रेघेपर्यंत असला की तू खूश होतेस. मग रविवारी म्हणतेस, बसला महिना." तिने चमचा पातेल्याच्या काठावर ठेवला, आवाज होऊ न देता. "बसला की आत्या एकटी जाते."

तराजूबाईने ओट्याची कड धरली. तराजू तिथेच होता; एका पारड्यात सकाळच्या तांदळाचे दोन दाणे राहिले होते. या घरात काय काय मोजलं होतं तिने. तेल पळीने नाही, वजनाने. मीठ चिमटीने नाही, वजनाने. दर महिन्याला पोरीने ताटातून काढून ठेवलेला भात तिने जास्तीचा धरला होता आणि पुढच्या महिन्यात तेवढा शिजवलाच नव्हता. मग पोरीला रेघ गाठायला आणखी काढावं लागलं. मग तिने आणखी उतरवलं. सेफ्टी पिना एकीच्या आत एक.

डोकं आपसूकच काम करू लागलं. त्याला थांबवता येत नव्हतं. खरी भूक धरून महिना मांडला तर तो कुठे तुटतो? सगळ्यांची ताटं वन्संच्या ताटासारखी धरली तर? कोबीपर्यंतही पोचत नव्हता. पाव काढला, अंडी काढली, वांगी काढली, तरी नाही. आपलं ताट पुसून टाकलं, तरी नाही. औषधं निम्मी केली, आणि स्वतःचीच लाज वाटून पुन्हा धरली. मग तिने ते केलं जे वर्षभर मनाच्या कडेला येऊन थांबत होतं आणि जे ती दर वेळी झटकून टाकत होती. खारूचं ताट कमी केलं, आणि त्याच्याबरोबर शाळेचा खर्चही. महिना बसला. अगदी बसला, शेवटच्या बटाट्यापर्यंत.

"ताट आण इकडे," ती म्हणाली.

"पण आई, रेघ…"

"आण म्हटलं ना."

पातेल्यातला सगळा भात तिने खरवडून खारूच्या ताटात घातला, वर उरलेली डाळ ओतली. खारू ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवू लागली. आधी दोन घास आईकडे बघत, बिचकत. मग ताटात बघून. मग कोणाकडेच न बघता. ती भरभर खात होती. दोन्ही गाल फुगले होते, लहानपणी फुगायचे तसे. तेव्हा ती घास गिळत नाही म्हणून सगळे तिच्या मागे धावायचे. तराजूबाई तिच्या मानेच्या मागची हाडं बघत उभी राहिली. ती मोजता येत होती.

ताट बोटाने पुसून झालं तेव्हा पातेलं तळापर्यंत कोरडं होतं. रेघ वर राहिली होती, नुसत्या धातूवर.

बाहेर ताटं तशीच पडली होती. नवरा भिंतीला टेकून बसला होता आणि पंजे उलटेसुलटे करून बघत होता, जणू त्यांवर अजून शाई आहे. आतलं बोलणं त्याने ऐकलं होतं. दोन खोल्यांच्या घरात न ऐकणं कठीण. सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, आणि त्यांना धाप लागली नव्हती तरी पाठ हलत होती. वन्संनी ताट अर्धवट टाकलं होतं. तराजूबाईला त्याचा राग आला, अन्न टाकल्याचा, आणि लगेच तोही ओसरला.

"वहिनी, मला माहीत असतं तर…" वन्सं म्हणाल्या.

"जेवा तुम्ही. टाकू नका ते."

वन्सं पुन्हा बसल्या आणि गार झालेले घास एकेक करून संपवले. मग त्यांनी हात धुतले, टेप गुंडाळली, उघडली, पुन्हा गुंडाळली. निळा फ्रॉक घडी करून टेबलावर ठेवला, त्या कागदाच्या शेजारी. पुढचा महिना त्यावर सगळा भरलेला होता. एकच चौकोन रिकामा, तांदळाच्या मापाचा.

"मी निघते," त्या म्हणाल्या. "लवकरची बस मिळेल." चपला घालताना त्या नेहमीचं वाक्य बोलल्या नाहीत. मान वर न करता पट्टा लावत राहिल्या, लावून झाला तरी.

नवऱ्याने तोंड उघडलं. "तराजूबाई," तो म्हणाला. या नावाने हाक मारताना त्याच्या आवाजात नेहमी थट्टा असे. आज ती सापडेना. "पुढच्या आठवड्यात कदाचित गोदामात कायमचं…"

"कदाचित," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात चीड नव्हती.

खारू दाराशी येऊन उभी राहिली, धुतलेलं पातेलं हातात घेऊन. तोंडाला डाळ लागली होती. तिने आत्याच्या चपलांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, आणि मग आईकडे.

"आई," तिने विचारलं, "बसला ना महिना?"

तराजूबाईने तिच्या हातातून पातेलं घेतलं. पदराने तिचं तोंड पुसलं. वन्संचा एक हात दाराच्या कडीवर होता.

"नाही बसला," ती म्हणाली. "वन्सं, थांबा. खारू तुमच्याबरोबर येतेय."